सुईविना नऊ दिवस

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा सरत आला की आमच्या घरात खळीचा वास सुटतो. जुन्या तांदळाची पेज पातळ करायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची, चिमूटभर तुरटी टाकायची आणि मंद आचेवर ढवळत बसायचं. पूर्वी या दिवसांत तीन-तीन पातेली लागत. यंदा एक लहान गंज पुरला. सहाच पेटे, म्हणजे म्हैसुरी पागोटी, सांगून आलेत. दोन देवळाच्या मानकऱ्यांचे, चार एका बँडवाल्याचे. हातही आता कापतात. सून म्हणते, "मामंजी, बाजारात आयती पावडर मिळते की." मिळू दे. खळ मीच करतो.

वास सुटला की त्याच्या मागोमाग तुळसा येते. तुळसा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. एरवीही ती येते, नाही असं नाही. पण तेव्हा मी पेपर वाचत असतो, नाहीतर कुणाशी तरी भांडत असतो, तिला दाराशी थांबवून धरता येतं. या दिवसांत नाही थांबवता येत. ती चुलीपुढे उकिडवी बसलेली असते, पदर खोचलेला, पळीवरून खळ कशी ओघळते ते बघत. मग म्हणते, "झाली हो. उतरवा." खळ झाली की नाही हे तिच्याइतकं कुणाला कळलं नाही. मला धरून.

आमचे मूळपुरुष घोड्यावर बसून या मुलखात आले आणि म्हैसूरच्या पागेत चाकरीला राहिले, असं माझे वडील सांगत. पुढे घोडे गेले, तलवारी गेल्या, डोक्यावरचं पागोटं तेवढं राहिलं. स्वतःचं बांधता बांधता आम्ही दुसऱ्यांची डोकी बांधू लागलो. मी कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलो. मराठी अक्षरं वडिलांनी घरी पाटीवर घालून दिली, मारून मारून. त्या अक्षरांवरच हे लिहितोय. चुकलं असेल तर चुकू दे, कुणी दुरुस्त केलेलं मला खपत नाही.

पेट्याचं कापड सगळ्यांकडे एकच असतं. लांबच लांब रेशमी पट्टा, काठाला जर. दुकानदाराकडे गुंडाळून ठेवला तर त्याला कुणी मान देत नाही. तोच ओला करून, खळीत बुडवून, लाकडी ठोकळ्यावर एकावर एक घडी चढवत नेला, कानाशी एक दुमड जास्त घातली, की समोरचा माणूस आपोआप ताठ बसतो. पहारेकरी त्याला दारात अडवत नाही. हल्ली बाजारात पुठ्ठ्याच्या टोपीवर शिवून टाकलेले पेटे मिळतात. टोपीसारखे काढायचे, घालायचे. असला पेटा घातलेला माणूस बघितला की मी दुसरीकडे बघतो.

आणि आमच्या घराची एक रीत आहे. गावात सगळे नवमीला आयुधपूजा करतात. रिक्षावाले रिक्षाला हार घालतात, गिरणीवाले यंत्राला कुंकू लावतात. आमची आयुधं म्हणजे सुई, दाभण, कात्री. ती घटस्थापनेच्या सकाळीच तांब्याच्या ताटात घालून देवीपुढे ठेवायची. दसऱ्यापर्यंत ती देवीपुढे बसतात. तोवर घरात सुई धरायची नाही. बटण तुटलं तर तुटलं. काटा रुतला तर नखानं काढायचा. त्या नऊ दिवसांत बांधलेला पेटा नुसत्या घडीवर उभा राहिला पाहिजे. टाका नाही, टाचणी नाही. बाकीचे पेटेवाले आम्हाला हसत आणि मनातून जळत. सुईविना पेटा उभा करणारं घर म्हणून आमची ओळख होती. मला तिचा गर्व होता. जरा जास्तच होता.

माझी नात सुमा इथल्याच एका प्रयोगशाळेत मलेरियाच्या लसीवर काम करते. डॉक्टर होणार म्हणते, पण औषध देणारी डॉक्टर नव्हे. मग कसली ग डॉक्टर, असं मी विचारतो. हे आमचं चार वर्षं चाललंय. गेल्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी मी ठोकळा पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि ती येऊन जमिनीवर बसली.

"अज्जा, याचं एक टोक द्या. हे बघा पेप्टाइड."

"हा पेटा आहे. अजून बांधायचाय."

"तेच की. नोडी, बघा, मलेरियाचा जंतू डासाच्या सोंडेतून आत येतो. त्याच्या अंगावर प्रथिनाची झूल असते. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. वेगवेगळे मणी, ठरलेल्या क्रमानं ओवलेले. आपलं शरीर त्या झुलीवरनं त्याला ओळखतं."

"बरं."

"त्या माळेतला लहानसा तुकडा आम्ही ओवतो. दहा-वीस मण्यांचा. तेच पेप्टाइड. तो टोचला की शरीर त्याला बघून पहारेकरी तयार करतं. पुढे खरा जंतू आला की त्या पहारेकऱ्यांनी त्याला धरायचं."

"मग झालं की. अडलंय कुठं?"

तिनं माझ्या हातातलं कापड ओढून घेतलं, झटकलं आणि स्वतःच्या मांडीवर टाकून दिलं. "हा पेटा आहे?"

"हे कापड आहे."

"धागा तोच आहे. जर तीच. लांबीही तेवढीच."

"असू दे. घडी कुठाय?"

"अय्यो! एवढंच माझ्या सरांना समजवायला मला सहा महिने लागले हो अज्जा."

मी हसलो, पण मला बरं वाटलं. मग तिनं पुढचं सांगितलं. जंतूच्या अंगावर असतो तेव्हा तो तुकडा वळलेला असतो, दुमडलेला असतो, शेजारच्या घड्यांनी त्याला धरून ठेवलेलं असतं. प्रयोगशाळेत तोच तुकडा वेगळा ओवून पाण्यात सोडला की तो वळवळतो. या क्षणाला असा, पुढच्या क्षणाला तसा. शरीर त्या वळवळीला बघून पहारेकरी तयार करतं. ते पहारेकरी मग उलगडलेलं कापड ओळखायला शिकतात. पेटा बांधलेला चोर समोरून निघून जातो, हे त्याला सलाम ठोकतात.

सगळ्यात जास्त अभ्यास ज्या तुकड्याचा झालाय त्यात म्हणे चारच मणी आहेत, तेच ते, पुन्हा पुन्हा, आमच्या जरीच्या काठावरच्या वेलीसारखे. आणि ती वेलही सरळ जात नाही, दर चार मण्यांना वळण घेते. ते वळण साधलं तर ओळख पटते. लस निघालीय, आफ्रिकेतल्या पोरांना देतातही. पण तिचा जोर ओसरतो, पुन्हा पुन्हा द्यावी लागते. "अजून चांगली हवी," सुमा म्हणाली. दुसरी एक पंचाईत तिनं सांगितली ती मला त्या रात्रभर पुरली. जंतूच्या झुलीचे जे भाग कधीच बदलत नाहीत, म्हणजे जे धरले तर तो कायमचा सापडेल, नेमक्या त्यांच्याकडे शरीर बघतच नाही. रोज डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही तसं. मग त्यातला एखादा मणी बदलून बघतात. एक मणी बदलला की सगळं वळण बदलतं, आणि मग कधी कधी शरीराचं लक्ष जातं. मला पटलं. कानापाशी एक घडी चुकवा, पुढचा तुरा कलतो.

मी विचारलं, "तू हेच काम का घेतलंस ग? दुसरे रोग नव्हते?"

ती म्हणाली, "आजी मलेरियानं गेली ना. बाबा सांगतात."

मी कापड परत ओढून घेतलं. म्हटलं, वाळतंय, ऊठ.

तुळसा गेली त्या वर्षीच्या गौरी-गणपतीला एच. डी. कोटे तालुक्यातल्या एका देवस्थानचे पेटे बांधायला गेलो होतो आम्ही. तुळसा खळीसाठी बरोबर आली होती. तिच्या खळीशिवाय मी परगावी काम घेत नसे. आमचा मुलगा हनुमंत, सुमाचा बाप, तेव्हा आठ वर्षांचा, त्याला माझ्या बहिणीकडे ठेवला. कबिनी नदीचं पाणी धरणातून मागे फुगून शेतांत आलेलं होतं, झाडांचे नुसते शेंडे वर. संध्याकाळी त्या पाण्यावरून डासांचा असा आवाज यायचा की वाटायचं लांब कुठेतरी भजन चाललंय. आम्ही धान्याच्या गुदामात निजत होतो. मच्छरदाणी एकच होती. ती मी ओल्या पेट्यांवर टाकत होतो, खळीवर माशा बसतात म्हणून.

हे मी लपवत नाही. तेव्हाही कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पेट्याला डाग पडला तर घराण्याला डाग, आणि डास काय, सगळ्यांनाच चावतात, असं तेव्हा वाटायचं.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत तिला ताप आला. दुपारी थंडी वाजायची, दात वाजायचे, दोन गोधड्या आणि वर माझं घोंगडं घातलं तरी खाट हलायची. मग अंग भाजायचं. मग घाम. आणि घाम येऊन गेला की ती उठायची, केस विंचरायची, नीट जुडा घालायची आणि म्हणायची, "कॉफी करू का?" पाहणाऱ्याला वाटावं, काही झालंच नव्हतं. मला तेच वाटत होतं. मी माणसाला वरून बघूनच ओळखत आलो. कोण ताठ, कोण वाकडा, कुणाच्या डोक्याला कुठली घडी शोभेल. ती जुडा घालून बसली की मी म्हणायचो, उतरला एकदाचा.

घटस्थापनेला तिनंच सुया ताटात रचल्या. हळद-कुंकू वाहिलं. ताप होता की नव्हता मला आठवत नाही.

दुसऱ्या माळेला मलेरियाचा माणूस आला. त्या काळी ते घरोघर हिंडायचे, खाकी पिशवीत काचेच्या पट्ट्या घेऊन, आणि येऊन गेल्याची तारीख दाराच्या मागच्या बाजूला लिहून जायचे. पोरगेलासा होता, चष्मा लावलेला. शेजारणीनं त्याला सांगितलं असावं. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच पिशवी उघडली.

"यजमानरे, अम्मांच्या बोटाचं रक्त हवं. ओंदु हनी साकु." एकच थेंब पुरे.

मी म्हटलं, "आमच्यात नवरात्रात सुई चालत नाही."

"ही सुई नव्हे हो, नुसतं टोचायचं."

"टोचायचं कशानं?"

त्यानं काचेची पट्टी परत पिशवीत सारली. मग म्हणाला, "या भागात दोन तऱ्हेचा मलेरिया आहे. कुठला आहे ते रक्त बघितल्याशिवाय कळत नाही. एकाला माझ्या गोळ्या लागू पडतात, दुसऱ्याला पडतीलच असं नाही."

मी म्हटलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. मग थेंब का, वाटीभर घेऊन जा. आणि आमच्या घरात असले घाणेरडे रोग होत नाहीत. आम्ही देवाचे पेटे बांधतो."

त्यानं चार गोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या, दारामागे तारीख लिहिली आणि गेला. गोळ्या तिला दिल्या मी. ताप दोन दिवस उतरलाही. मी जिंकलो होतो. शेजारणीला मुद्दाम ऐकवलं. सहाव्या माळेला ती माझ्याशी कन्नडात बोलू लागली, मला दुसराच कुणी समजून. सातव्या माळेला मोठ्या इस्पितळात नेली. तिथं त्यांनी मला न विचारताच सुया खुपसल्या, दोन्ही हातांना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला चढलाय, दुसरा मलेरिया, उशीर झाला. अष्टमीला पहाटे ती गेली.

दसऱ्याला ताटातल्या सुया कुणी उठवल्या नाहीत. सुतक होतं.

लोक भेटायला आले त्यांना मी सांगितलं, मलेरियाचा माणूस आला होता, गोळ्या दिल्या, गुण आला नाही. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. रक्ताचं कुणी विचारलं नाही. आठ वर्षांच्या हनुमंताला सांगितलं, तुझी आई अष्टमीला गेली, देवीनं नेली, असं मरण भाग्यवंताला येतं. पोरानं ते धरून ठेवलं. मोठा झाला, ऑफिसात लागला, लग्न झालं; मराठी त्याला माझ्याइतकी येत नाही, निम्मं कन्नडात बोलतो, पण घटस्थापनेला सुया तोच रचतो. त्याची आई रचायची तशी, टोकं देवीकडे करून. मी कधी विसरलो तर मला रागावतो. त्याच्यापाशी आईचं दुसरं काही नाही. एक फोटो आहे, त्यात तिनं मान खाली घातलेली.

यंदा आषाढात सुमा एका संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्या खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "अज्जा, सोडते मी."

"काय झालं?"

"उंदरांना टोचलं होतं माझं पेप्टाइड. पहारेकरी तयार झाले. भरपूर झाले. माझ्या तुकड्याला बघून धावत येतात. खऱ्या जंतूवर सोडले तर... काही नाही. ओळखच नाही. चार वर्षांचं काम, अज्जा. उंदीर मेले ते वेगळेच."

मला सांत्वन करता येत नाही. मी तिला ठोकळ्याजवळ नेलं. कापड ओलं केलं, घड्या चढवल्या, शेवटी दोन्ही टोकं खालून आणून एकमेकांत खोचली आणि ठोकळा उलटा करून हलवला. एक घडी हलली नाही. "हे करून बघ," मी म्हटलं.

"केलंय. आमच्याकडेही दोन टोकं जोडतात. गोल करतात. थोडा फरक पडला, पण पुरला नाही." नाक पुसून तिनं पेट्याच्या मधल्या घडीवर बोट ठेवलं. "मधे टाका घालावा लागणार. आतले दोन मणी एकमेकांशी घट्ट बांधून टाकायचे. म्हणजे वळण सुटणार नाही."

टाका म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. सवयच. म्हटलं, "टाक्यावर उभा राहतो तो पेटा नव्हेच. घडीत दम नसला की लोक टाके घालतात."

"अज्जा, तुमचा पेटा डोक्यावर बसतो. माझा रक्तात पोहतो. तिथं त्याला सगळीकडून ओढतात, कुरतडतात. टाका नसला तर उलगडतो. आणि तो उलगडला की तिकडे पोरं मरतात. घडीचा अभिमान घेऊन मी काय करू?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पोरंच नाही ग, बायकाही मरतात. मी ठोकळा सरळ केला आणि म्हटलं, "घाल बाई टाका. तुझा पेटा, तुझं डोकं."

तिनं काम सोडलं नाही. टाका घातलेला नवा तुकडा तयार झालाय, नव्या उंदरांना टोचून झालाय. काय झालं ते मार्गशीर्षाशिवाय कळणार नाही. कळेपर्यंत मी असेन, नसेन.

हनुमंताला साखरेचा आजार बरीच वर्षं आहे. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी गोळ्या पुरेनात म्हणून इन्सुलिनची सुई लावली. रोज घ्यायची, पोटात. सुमाच टोचायची त्याला. एकदा तिनं मला ती लहान बाटली दाखवली. "हेही पेप्टाइडच, अज्जा. मण्यांच्या दोन माळा. आणि बघा, दोन्ही माळा टाक्यांनी जोडलेल्या आहेत. आम्ही नाही घातलेले, निसर्गानंच घातलेत. टाके तोडले तर याचा काही उपयोग नाही." मी बाटली उजेडात धरून बघितली. पाणी दिसलं.

घटस्थापनेच्या सकाळी हनुमंतानं तांब्याचं ताट पुसलं. सुया रचल्या, दाभण ठेवलं, कात्री ठेवली. मग खोलीत गेला आणि इन्सुलिनच्या सुयांचं खोकं आणून तेही ताटात ठेवलं. टोकं देवीकडे करून.

सुमा बघतच राहिली. "बाबा, हे काय?"

"नऊच दिवस की. गोळ्या आहेत."

"गोळ्या पुरत नाहीत म्हणून तर सुई दिलीय! डॉक्टरांना विचारलं?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांच्या घरात रीत आहे काय?"

"शिवणकामाची सुई आणि ही सुई एकच का हो बाबा?"

"सुई ती सुई. आईनं पाळलं होतं, मी पाळणार. साकु, सुमा."

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "अज्जा, तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील. रीत तुमची आहे." मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "बघायला वेळ नाही." पुढच्या दिवशी मी काही बोललो नाही. सांगायचं म्हणजे रीत मोडा म्हणून सांगायचं, आणि मग तो विचारणार, का अप्पा, इतकी वर्षं नाही मोडली ती. हनुमंत तांब्यावर तांब्या पाणी पीत होता. ऑफिसातून आला आणि बूट न काढता खुर्चीतच झोपला. तोंड उघडं. झोपेत तो अगदी तुळसेसारखा दिसतो, हे मला पन्नास वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं.

तिसऱ्या माळेला सकाळी तो देवीपुढे वात सारखी करत होता.

"हनुमंता, बस जरा."

"अप्पा, आठला निघायचंय."

"बस म्हटलं ना."

तो बसला. सुमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, "तुझी आई आजारी होती तेव्हा मलेरियाचा माणूस आला होता. आठवतं?"

"गोळ्या दिलेला. तुम्ही सांगितलंय."

"त्याला रक्त हवं होतं. बोटाचं, एक थेंब. कुठला मलेरिया ते बघायला. मी घेऊ दिलं नाही."

"का?"

"नवरात्र होतं."

त्यानं ताटाकडे बघितलं. मी पुढचं सगळं सांगून टाकलं. दोन तऱ्हेचा मलेरिया, दसऱ्यानंतर ये म्हटलेलं, मच्छरदाणीसुद्धा. सांगताना वाटत होतं, तो ओरडेल, निदान रडेल. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि मग निभावलं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला,

"आई शुद्धीवर होती काय तेव्हा?"

"होती."

"मग ती काय म्हणाली?"

हा प्रश्न मी स्वतःलाही कधी विचारला नव्हता. इतक्या वर्षांत सगळं काही घोळवलं, हे नाही. काही म्हणाली नाही, एवढं सांगून थांबता आलं असतं, आणि तेही खरंच होतं. ती एक शब्द बोलली नव्हती.

"काही म्हणाली नाही," मी म्हटलं. "दाराआड उभी होती. तिनं हात पुढे केला होता. एक बोट पुढे करून. मी तो धरून आत सारला."

हनुमंत उठला. ताटातलं खोकं घेतलं. सुमा मदतीला पुढे झाली तर तिला त्यानं हातानंच थांबवलं. आतून बाटली आणली, माझ्यासमोर उभं राहून शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली. स्वतःच्या हातानं तो पहिल्यांदाच घेत होता. सुई आत जाईपर्यंत त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही. मीही खाली बघितलं नाही.

आज सातवी माळ. तो माझ्याशी बोलत नाही. सुई मात्र रोज घेतो.